आपल्यापुरता करंट

बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. तिथे एक प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारायचंच. विचारणारा खिशातून मोबाइलचा चार्जर काढायचा आणि म्हणायचा, "आप्पा, माझा जुना चार्जर एक अँपिअरचा होता, हा दोनचा आहे. जास्त करंट जाऊन फोन जळायचा नाही ना?" बाबा तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता, वर न बघता उत्तर द्यायचे, "विहिरीला पाणी जास्त आहे म्हणून तू जास्त पितोस का? तहान असेल तेवढंच पिशील."

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा दहावीच्या वर्गात हेच उत्तर वापरत आले. ते चांगलं उत्तर आहे. पण ते अपुरं आहे, हे मला साठी उलटल्यावर, स्वतःच्या घरातल्या एका स्टॅबिलायझरने शिकवलं.

आधी उत्तर चांगलं का, ते सांगते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टचा दाब तयार असतो. त्यात काही लावलं नाही तर काही वाहत नाही. १००० वॉटची इस्त्री लावली, की तिच्यातल्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम असल्याने ४.३ अँपिअर करंट वाहतो. त्याच सॉकेटला ९ वॉटचा एलईडी दिवा लावला तर तो अँपिअरचा दहावा हिस्साही घेत नाही. सॉकेट तेच, दाब तोच. किती करंट वाहणार हे समोर कोण आहे त्यावर ठरतं. जॉर्ज ओहमने १८२७ साली हा नियम पुस्तकात मांडला आणि आपण तो तीन अक्षरांच्या सूत्रात पाठ करतो. पण त्याच्यामागचं चित्र बहुतेकांच्या डोक्यात उलटं असतं. वीज कंपनी करंट आत ढकलते, असं आपल्याला वाटतं. म्हणून मोठ्या चार्जरची भीती वाटते.

आपली भाषा मात्र या बाबतीत बरोबर आहे. आपण म्हणतो, गीझर वीज खातो, मोटर करंट ओढते, पंपाने लोड घेतला. क्रियापदं सगळी घेणाऱ्याची आहेत. भौतिकशास्त्राच्या काटेकोर भाषेत उपकरण काही ओढत नाही, ते फक्त वाट मोकळी करून देतं. पण वाट किती रुंद हे त्याच्या हातात असतं, एवढ्यापुरतं 'ओढणं' खरं आहे.

आणखी एक गोष्ट. घरातली सगळी उपकरणं एकमेकांना समांतर जोडलेली असतात. बाबांच्या दुकानात याच्या उलट एक फळी होती. तिला सगळे 'सिरीज बोर्ड' म्हणत. तिच्यावर एक साधा पिवळा बल्ब असायचा आणि तपासायची वस्तू त्या बल्बच्या मालिकेत जोडायची. वस्तू शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटायचा, ठीक असेल तर मंद. तिथे एकाचं दुखणं दुसऱ्याला लगेच कळायचं. रस्त्यावरचे सुरुवातीचे आर्क दिवे असेच एका माळेत जोडलेले असत. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घरांना वीज द्यायला सुरुवात केली, ती समांतर जोडणीने. एकाने दिवा मालवला तरी शेजाऱ्याचा चालू राहणार. प्रत्येकाने आपल्यापुरता करंट घ्यायचा, दुसऱ्याशी संबंध नाही. हे मी वर्गात शिकवताना नकळत थोडं कौतुकाने शिकवायचे. स्वतंत्र माणसांच्या समाजाचं चित्रच जणू त्या जोडणीत काढलं आहे, असं मला वाटायचं.

ते चित्र कागदावर खरं आहे, कारण कागदावरच्या तारांना रोध नसतो.

*

तीन वर्षांपूर्वी आईच्या फुप्फुसांचा आजार वाढला. डॉक्टरांनी दिवसाचे पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लावायला सांगितलं. घरात कॉन्सन्ट्रेटर आला. खोलीतली हवा आत घेऊन तिच्यातला नायट्रोजन बाजूला काढायचा आणि ऑक्सिजन नळीतून नाकाशी द्यायचा, एवढं त्याचं काम. सतत घुरघुरणारं, साधारण ३५० वॉटचं ते यंत्र.

आमची गल्ली गावाच्या टोकाला आहे. डीपी बाजारतळाजवळ, आणि आमचं घर तिथून नवव्या खांबावर. डीपीशेजारच्या घरात २२५ व्होल्ट असतात तेव्हा आमच्याकडे कसेबसे १९० येतात. मे महिन्याच्या संध्याकाळी, सगळीकडे पंखे, कूलर, पाण्याच्या मोटरी चालू असताना, १७५च्या खाली. ही गोष्ट गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. "होल्टेज नाही" हे वाक्य आमच्याकडे "पाऊस नाही" इतकं नेहमीचं. पूर्वी मला त्याचं फार वाटत नसे. पंखा हळू फिरला तर फिरला. पण कॉन्सन्ट्रेटर कमी दाबावर शिट्टी मारून थांबायला लागला, तेव्हा पहिल्या रात्री आम्ही आईला सिलिंडरवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भावाने जाऊन स्टॅबिलायझर आणला. नुसत्या यंत्रापुरता नाही, सगळ्या घराचा, ५ केव्हीएचा. आणायचाच तर मोठा, असं ठरलं. आणि स्टॅबिलायझर आहेच म्हणून आठवड्याभरात आईच्या खोलीत दीड टनाचा एसी बसला. एसी डॉक्टरांनी सांगितला नव्हता. आईनेही मागितला नव्हता. उन्हाळा कडक होता आणि आम्हाला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. खरं सांगायचं तर रात्री तिच्याजवळ मी झोपायचे.

स्टॅबिलायझरच्या तोंडावर हिरवे आकडे होते. २३०. दिवसरात्र २३०. त्या आकड्यांकडे पाहून मला जे हायसं वाटायचं, ते विसरणार नाही.

समोरच्या घरातल्या वहिनी पिको-फॉलचं काम करतात. लग्नसराईत त्यांच्या दारात साड्यांच्या पिशव्यांची रांग असते. त्यांच्या मशीनला छोटी मोटर आहे आणि ती मोटर दाबावर चालते; दाब पडला की सुई ढेपाळते. एका संध्याकाळी त्या आईला बघायला आल्या, थंड खोलीत दोन मिनिटं बसल्या आणि सहज म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडं होल्टेज कसं टिकतं हो? आमच्या मशीनला यंदा जोरच येईना. रात्री अकरानंतर बसते मी कामाला."

मी म्हणाले, "स्टॅबिलायझर बसवलाय, वहिनी. तुम्हीपण बसवून टाका."

त्या हसल्या आणि गेल्या. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. 'यंदा' हा शब्द माझ्या कानावरून निघून गेला.

*

तो परत आला मध्यरात्री. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तो एक ट्रान्सफॉर्मर आहे. घरात २३० व्होल्टवर ५ अँपिअर हवे असतील आणि बाहेर १७० व्होल्ट असतील, तर तो तारेतून पावणेसात अँपिअर घेतो. दाब वाढवायचा तर करंट जास्त घ्यावा लागतो. दुसरा मार्ग नाही. आणि तारेत जितका जास्त करंट, तितका तारेत जास्त दाब खर्च होतो. डीपीपासून आमच्या खांबापर्यंतची तार माझी एकटीची नाही. मी आणि वहिनी एकाच फेजवर आहोत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी प्रयोग केला. स्टॅबिलायझरवर एक छोटं बटण होतं. ते दाबलं की आकडा बदलतो आणि आउटपुटऐवजी इनपुट दिसतो, म्हणजे बाहेरून खरोखर किती येतंय ते. इनपुट १७२ होता. मी एसी बंद केला. १७८. एसी चालू केला, काँप्रेसरने जोर धरला, पुन्हा १७२. मग क्षणभर आईला सिलिंडरवर घेऊन कॉन्सन्ट्रेटर बंद केला. १७३.

आईच्या श्वासाची किंमत गल्लीला एक व्होल्ट होती. माझ्या झोपेची सहा.

आता एक कबुली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गल्लीतल्या एकाने नळाला थेट मोटर लावली म्हणून आम्ही सात-आठ घरांनी सह्यांचा अर्ज दिला होता. पाइपात पाणी आधीच कमी, त्यात याची मोटर ते खेचून घेते आणि पुढच्यांच्या नळाला फुसफुस हवा येते, असा मजकूर. तो मजकूर मी लिहिला होता, चांगल्या वळणदार अक्षरात. अर्जावर वहिनींचीही सही होती. नळाला मोटर लावणं आपल्याकडे सगळ्यांना चूक वाटतं, कारण पाणी दिसतं आणि शेजारची रिकामी घागरही दिसते. माझा स्टॅबिलायझर म्हणजे विजेच्या नळाला लावलेली मोटरच होती. फक्त तिचा आवाज येत नव्हता आणि ती आजारी आईच्या नावाने लावलेली होती.

*

मी स्वतःशी वाद घातला. पहिला मुद्दा बिलाचा. मी चोरी करत नाही, आकडा टाकलेला नाही, युनिटचे पैसे भरते. हे खरं आहे. पण बिलात युनिट मोजली जातात. समोरच्या घरात पडलेल्या सहा व्होल्टचा रकाना त्यात नसतो. जे मी विकत घेते त्याचे पैसे मी देते, आणि जे त्यासोबत आपोआप घेतलं जातं त्याचे देत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा. हे काम वीज कंपनीचं आहे. मोठी डीपी बसवा, जाड तार ओढा, टोकाच्या घराला पुरेसा दाब द्या. ग्राहकांनी एकमेकांकडे का बघायचं? हा मुद्दा मी सोडलेला नाही. टंचाई जेव्हा माणसाने केलेली असते, तेव्हा "सगळ्यांनी सोसा" असं म्हणणं म्हणजे ज्याने ती केली त्याला मोकळं सोडणं. आम्ही डीपीसाठी अर्ज केला, पुन्हा केला. पण दोन अर्जांच्या मधल्या काळातही संध्याकाळ रोज होते. त्या संध्याकाळी मी कसं वागायचं, याचं उत्तर कंपनीचा दोष सिद्ध करून मिळत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत मोहात पाडणारा: माझ्या एकटीने काय फरक पडतो? ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात यावर एक भयंकर उदाहरण रचलं आहे, आणि योगायोगाने तेही बटणांचं आहे. एक हजार बळी, एक हजार छळणारे. पूर्वी प्रत्येक जण एकेका बळीच्या यंत्राचा खटका हजार वेळा फिरवून त्याला असह्य वेदना द्यायचा. आता व्यवस्था बदलली. प्रत्येक जण एकच बटण दाबतो, आणि त्याने हजारही बळींच्या यंत्रांचा खटका फक्त एकेकदा फिरतो. बळींच्या वेदना तेवढ्याच. पण आता प्रत्येक छळणारा म्हणू शकतो, की माझ्यामुळे कोणाच्याही वेदनेत जाणवण्याइतका फरक पडलेला नाही. पार्फिट यांचं म्हणणं असं, की फरक जाणवत नसला तरी ते सगळे चूक करत आहेत. आपण एकत्र मिळून काय घडवतो आहोत, हे ज्याला माहीत आहे त्याला आपल्या छोट्या वाट्याच्या मागे लपता येत नाही.

आमच्या गल्लीत छळणारे आणि बळी वेगवेगळे नाहीत, सगळे दोन्ही आहेत. आणि माझे सहा व्होल्ट तर 'न जाणवणारे'ही नव्हते. पण पार्फिट वाचताना अडचण वेगळीच झाली. त्यांचा हिशेब मानला तर आईचा एक व्होल्टही मोजावा लागतो. तो मोजायला मी तयार आहे. मोजून मग म्हणेन, की तो घेण्याचा तिला अधिकार आहे. गरज आणि सोय यांतला फरक कुठल्याही यंत्राच्या पाटीवर छापलेला नसतो, तारेला तो कळत नाही, मीटरलाही नाही. तो माणसालाच करावा लागतो. आणि मी तो केला नव्हता. कॉन्सन्ट्रेटरच्या पाठीमागे एसी उभा करून दोघांचं मिळून एकच नाव ठेवलं होतं: आईचं आजारपण.

*

या सगळ्यात मला एक गोष्ट नव्याने दिसली. टंचाई आली की घरातली उपकरणं दोन तऱ्हांनी वागतात.

इस्त्री, जुना पिवळा बल्ब, गीझर ही पहिली तऱ्हा. यांचा रोध जवळपास ठरलेला. दाब पडला की ती आपोआप कमी घेतात. १७२ व्होल्टवर १००० वॉटची इस्त्री जेमतेम ५६० वॉट घेते. गीझर पाणी तापवतोच, पण वेळ लावतो. पिवळा बल्ब तर दाब दहा टक्के पडला की सुमारे तीस टक्के प्रकाश घालवून बसतो. कमतरता त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि ती त्यांच्या तोंडावर दिसते.

दुसरी तऱ्हा आधुनिक. लॅपटॉपचा चार्जर, टीव्ही, संगणक, इन्व्हर्टर एसी. यांना ठरलेली शक्ती हवीच असते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते आपण गुण म्हणून वाचतो, आणि तो आहेही. पण त्याचा अर्थ असा, की दाब पडला तर तो भरपाईसाठी जास्त करंट घेईल. १५०० वॉटचा एसी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेत असेल तर १७२वर पावणेनऊच्या आसपास. तार थकलेली असताना तो तिच्यावर अधिक भार टाकतो, आणि स्वतः मात्र तितकाच थंड राहतो. स्टॅबिलायझर बसवला की घरातली इस्त्रीसुद्धा या दुसऱ्या तऱ्हेत जाते.

शेतकऱ्यांना हे माझ्या आधीपासून माहीत आहे. बाबांचं दुकान त्यावरच चाललं. दाब पडला तरी विहिरीवरच्या पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं. मोटर जास्त करंट घेते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. उन्हाळ्यात दुकानाबाहेर जळालेल्या मोटरींची ओळ लागायची. बहुतेक डीपीच्या शेवटच्या टोकाच्या. बाबा त्यांचा वास घेऊनच सांगायचे, ही कमी होल्टेजने गेली. त्यांचं तहानेचं उत्तर चार्जरपुरतं पूर्ण होतं. पण विहीर एकट्याची नसेल तर काय, याचं उत्तर त्यांच्या दाराबाहेरच्या त्या ओळीत होतं.

आणि विहीर एकट्याची नसेल तर काय, या प्रश्नाला आपल्या भागात एक उत्तर दिलं गेलेलंही आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या डोक्यांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. ऊस लावायचा नाही. शेवटचा नियम मला पूर्वी कडक वाटायचा. आता कळतो. ऊस काही पाप नव्हे. पण जिथे शेजाऱ्याची ज्वारी वाळते तिथे ऊस ही आपल्यापुरती गोष्ट राहत नाही. आमच्या गल्लीच्या मे महिन्यात एसी हा ऊस होता.

*

मी काही मोठं केलं नाही. एका छोट्या, १ केव्हीएच्या स्टॅबिलायझरवर फक्त कॉन्सन्ट्रेटर ठेवला. त्याला २३० मिळालेच पाहिजेत, यात तडजोड नाही. मोठा स्टॅबिलायझर काढला नाही, पण बायपासवर टाकला. बाकीचं घर गल्लीत जे येईल त्यावर. एसी संध्याकाळी सहा ते अकरा बंद. आईला कारण सांगितलं. नळीतून श्वास घेत तिने ते ऐकलं आणि म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस? मला त्यात थंडीच वाजते."

वहिनींना सांगायला मात्र मला आठवडा लागला. एसीचा आकडा सांगितला, १७२ आणि १७८. त्यांनी तो शांतपणे ऐकला. "सहाच ना, बाई," त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, की सहा त्यांना खरंच कमी वाटले, मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित नवव्या खांबावर राहणाऱ्या माणसाला रोज कोणीतरी थोडं थोडं घेऊन जातच असतं, आणि त्यातलं एक नाव कळल्याने फार काही बदलत नाही. त्यांची सुई त्या उन्हाळ्यात संध्याकाळी पूर्वीपेक्षा बरी चालली. फार बरी नाही. आम्ही एकच घर होतो.

पुढच्या वर्षी डीपी बदलली. आता १७०च्या घरात आकडा जात नाही. आणि त्यामुळेच गल्लीत आणखी चार एसी आले आहेत, त्यांतला एक वहिनींकडे आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. भर उन्हात शिवणाऱ्या बाईने थंड खोलीत का बसू नये? आई गेल्या डिसेंबरात गेली. कॉन्सन्ट्रेटर आम्ही गावातल्या दवाखान्याला दिला.

समांतर जोडणीतल्या स्वातंत्र्याचं कौतुक मला अजूनही आहे. एकाचा दिवा विझल्याने दुसऱ्याचा विझू नये, ही मोठीच गोष्ट. पण आपण समांतर असतो ते घरातल्या बोर्डापासून. त्याच्या अलीकडे, डीपीपासून खांबापर्यंत, आपण सगळे त्या जुन्या सिरीज बोर्डावरच आहोत. स्टॅबिलायझरचा दोष तो जास्त घेतो एवढाच नाही. टंचाई आहे हे तो आपल्याला कळूच देत नाही. ज्याला परवडतं त्याच्या घरात आकडा कायम २३० दिसतो, आणि गल्लीचं काय चाललं आहे हे समजायला त्याला कोणीतरी सहज बोललेलं वाक्य ऐकावं लागतं.

मोठा स्टॅबिलायझर अजून भिंतीवर आहे. त्याचं ते छोटं बटण दाबून मी त्याला इनपुटवर ठेवलं आहे. काल संध्याकाळी सात वाजता २०४ होते.